वहीतला चौथा रकाना

आमच्या फ्रिजवर एक शंभर पानी वही असते. २०१५ पासूनची ही सातवी. मी एका पतसंस्थेत हिशोब बघते, त्यामुळे हाताला रकाने आखायची सवय आहे. तारीख, गोळी, झोप, पोट, वजन, रक्त. प्रत्येक पानावर पेन्सिलीने हेच सहा रकाने. पहिल्या वहीत चौथा रकाना नव्हता. तो का आला, ते मला आज लिहायचं आहे, कारण क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू असलेल्या माणसाच्या घरच्यांना ते कोणी आधी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

वही माझ्या धाकट्या भावाची. घरात त्याला पिंट्या म्हणतात. त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही ताई, पण खरं नाव नको."

पिंट्या नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत लेथवर होता. हात इतका बसलेला की मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावायच्या आधीच जॉब किती आला ते सांगायचा. २००९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याला बंद मशीनमधून सुपरवायझरचा आवाज येऊ लागला. मग घरी येऊ लागला, मग नळाच्या पाण्यातून. डबा तसाच परत यायचा, कारण भाजीत काहीतरी टाकलंय असं त्याला वाटायचं. अण्णा तेव्हा होते. त्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला, आई वणीच्या गडावर नवस बोलून आली. मी त्याबद्दल त्यांना कधी दोष दिला नाही. पोर हातातून चाललंय हे दिसत होतं आणि जे माहीत होतं ते त्यांनी केलं. आम्ही डॉक्टरांकडे पोचलो तोवर मात्र आठ महिने गेले होते, आणि ते आठ महिने मला अजूनही सलतात.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता लिहितात. मला तो शब्द आवडत नाही. मी इतकी वर्षं जे मन पाहिलं ते घाबरलेलं होतं, छिन्न नव्हतं.

पहिली गोळी हॅलोपेरिडॉल. ही जुन्या पिढीतली. आवाज थोडे कमी झाले, पण पिंट्याचे हात थरथरू लागले. चेहरा लाकडासारखा, चाल पाय घासत, आणि बसवत नाही म्हणून रात्रभर पॅसेजमध्ये येरझाऱ्या. थरथर थांबवायला दुसरी गोळी आली, तिने तोंड कोरडं पडायचं. एकदा त्याने कपाटातून आपला मायक्रोमीटर काढला आणि नुसता हातात धरून बसला. तो हातात टकटक वाजत होता. त्याने तो पुसून पेटीत ठेवला, आणि पुढची सहा वर्षं ती पेटी उघडली नाही.

नंतर रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं. ही नव्या पिढीतली औषधं, ज्यांना अटिपिकल म्हणतात. थरथर गेली, पण आवाज गेले नाहीत. आमच्या डॉक्टर मॅडमनी तेव्हा एक गोष्ट नीट समजावली: दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, किमान सहा आठवडे नियमित घेऊनही उतार पडत नसेल, तर तिसरं-चौथं तसलंच औषध बदलत बसण्यात वेळ घालवू नये. अशा वेळी क्लोझापिनचा विचार करायचा. पिंट्याला जीव नकोसा होऊ लागला होता, हेही त्यांनी लक्षात घेतलं होतं. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी अमेरिकेत २००२ साली या औषधाला वेगळी मान्यता मिळालेली आहे.

क्लोझापिन नवं नाही. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात वांडर कंपनीने ते तयार केलं. अंग न आखडवता आवाज कमी करणारं औषध असू शकतं, यावर तेव्हा डॉक्टरांचाच विश्वास बसत नव्हता. गोळी लागू पडायची तर अंग आखडलंच पाहिजे, अशी समजूत होती. सत्तरच्या दशकात ते युरोपात वापरात आलं आणि १९७५ मध्ये फिनलंडमधून बातमी आली की रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होत आहेत. आठ माणसं गेली. बऱ्याच ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे असे, की आधीच्या औषधांनी ज्यांना काहीच फरक पडला नव्हता. सहा आठवड्यांत जुन्या क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के सुधारले, क्लोझापिनने ३० टक्के. त्यानंतर १९८९ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली, रक्त तपासत राहण्याच्या अटीवर. पिंट्याला हे सांगितलं तेव्हा त्याने तीस या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे सत्तर जणांचं झालं नाही." खरं होतं. मी त्याला खोटा धीर दिला नाही.

ही गोळी काम कशी करते, हे मॅडमनी मेंदूचं चित्र काढून सांगितलं, पण मला ते कळलं पिंट्याच्या तोंडून. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं. त्याचा जोर एका भागात वाढला की नको त्या गोष्टींना अर्थ चिकटतो. नळाचं पाणी आपल्याशीच बोलतंय असं वाटतं. जुनी औषधं त्या जागा घट्ट अडवून ठेवतात. पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातही त्याच जागा आहेत, तिथेही औषध चिकटून बसतं, आणि हात थरथरतात. क्लोझापिन त्या जागेवर सैल बसतं, लवकर सुटतं, डोपामिनला मधूनमधून वाट देतं. टोरांटोच्या शितिज कपूर आणि फिलिप सीमन या संशोधकांनी २००१ मध्ये अटिपिकल औषधांविषयी अशीच मांडणी केली होती. शिवाय ते सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या जागा अडवतं, आणि आणखी कितीतरी. पिंट्याने ऐकलं आणि म्हणाला, "हॅलोपेरिडॉल म्हणजे प्रेस फिट. ठोकून बसवलेलं. हे स्लायडिंग फिट आहे, ताई. क्लिअरन्स ठेवलाय." मॅडम पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षांत तो पहिल्यांदा कामाच्या भाषेत बोलला होता.

शनिवार, ९ मे २०१५. पहिली मात्रा साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसच्या गोळीची अर्धी. मी ती आईच्या सुपारीच्या अडकित्त्याने कापली. मात्रा एकदम वाढवली तर रक्तदाब पडतो, माणूस उठता उठता कोसळतो, म्हणून मुंगीच्या पावलांनी चढायचं. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून छातीत धडधड किंवा दम याकडे लक्ष द्यायचं. आणि रक्त. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, त्यानंतर महिन्यातून एकदा. पांढऱ्या पेशी जीवघेण्या पातळीपर्यंत घसरण्याचा धोका शंभरात एकाहून कमी, पण जो काही असतो तो बहुतेक याच पहिल्या अठरा आठवड्यांत. ताप आला किंवा घसा दुखला तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी तपासायचं.

रिपोर्ट वाचायला मी शिकले. टोटल काउंटला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्याला, न्यूट्रोफिलच्या, म्हणजे त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या, टक्क्याने गुणायचं. ६,४०० आणि ५५ टक्के, म्हणजे ३,५२०. पंधराशेच्या खाली आलं तर गोळी थांबवायची आणि लगेच फोन करायचा, असं ठरलेलं. दर शनिवारी संध्याकाळी पिंट्या विचारायचा, "आज किती?" मी आकडा सांगितला की तो मान हलवून जेवायला बसायचा.

सोळावं रक्त होतं २९ ऑगस्टला. नाशिककरांना ती तारीख आठवत असेल. सिंहस्थाची पहिली पर्वणी, आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. चौकाचौकात बॅरिकेड, शिट्ट्या वाजवणारे पोलीस, रिक्षा कुठे दिसेना. लॅबवाल्या दादांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, मी सातला शटर अर्धं उघडतो, तुम्ही चालत या. आम्ही पवननगरमधून निघालो. लॅबमध्ये त्याने उजवा हात पुढे केला, तर कोपराच्या खोबणीत शिर सापडेना, इतक्या वेळा टोचून झालेलं. डावा हात दिला. बाहेर आल्यावर मी पर्समधून राखी काढली आणि उजव्या मनगटावर बांधली. कोपराजवळ कापसाचा बोळा, मनगटावर राखी, आणि तो म्हणाला, "ताई, आज मशीन गप्प आहे." मला वाटलं तो रस्त्याबद्दल बोलतोय. तो आवाजाबद्दल बोलत होता.

आवाज पूर्ण गेले नाहीत, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तो सांगतो, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसे ते असतात. शब्द कळत नाहीत, आणि ते आपल्याला उद्देशून नाहीत हे माहीत असतं. वर्षभरात, साडेतीनशे मिलिग्रॅमवर, तो एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जॉब तपासायला जाऊ लागला. मायक्रोमीटरची पेटी उघडली गेली.

त्याची किंमत होती. रात्री तोंडातून इतकी लाळ गळायची की उशीचा अभ्रा सकाळी पिळता यावा. उशीवर पंचा घालायचा, पहाटे उलटायचा. वजन ५८ वरून दीड वर्षात ७६. भूक अशी की आमटीचं पातेलं समोर ठेवायची सोय नाही. साखर दर तीन महिन्यांनी बघू लागलो, आई भाताऐवजी भाकरी करू लागली. हे सगळं आम्हाला आधी सांगितलेलं होतं, वहीत रकाने होते, आम्ही सावध होतो. आणि रक्ताच्या बाबतीत तर मी इतकी सावध होते, की बाकी शरीर मला दिसेनासं झालं.

जुलै २०१७. पिंट्या म्हणाला, पोट फुगलंय. मी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, मी हिंगाचा लेप लावला. मग कळलं की शौचाला होऊन किती दिवस झाले ते त्यालाच आठवत नव्हतं. शेजारच्या काकूंनी इसबगोल सांगितलं. दोन चमचे, दोन रात्री, मी माझ्या हाताने कालवून दिलं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. एका रुग्णालयात नेलं. तिथे कोणती औषधं चालू आहेत ते मी कागदावर लिहून दिलं, तो कागद कोणी वाचला नाही. गॅस म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. रात्री त्याचं पोट ढोलासारखं ताणलेलं, हात लावू देईना. दुसऱ्या रुग्णालयात एक्स-रे काढला. आतड्यात मळाचा खडा धरला होता, वरचं सगळं अडकलेलं. नाकातून नळी, सलाइन, एनिमा. शस्त्रक्रियेची तयारी करून ठेवली होती, ती करावी लागली नाही. तिथल्या सर्जननी मला बाहेर बोलावून विचारलं, "क्लोझापिनवर आहे, मग रोज पोट साफ होतं का, हे कोण बघतं?"

कोणीच बघत नव्हतं.

क्लोझापिन आतड्याची हालचाल मंदावतं. जी यंत्रणा आतडं ढकलत राहते तिच्याच जागा ते अडवतं. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं, तर क्लोझापिन घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला इतरांच्या चौपटीहून जास्त वेळ लागत होता. आणि त्या माणसांना ते जाणवत असेलच असं नव्हतं. या औषधामुळे पांढऱ्या पेशी संपून जितकी माणसं दगावतात, त्याहून जास्त आतडं बंद पडून दगावतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. रक्तासाठी अठरा शनिवार, पोटासाठी एक प्रश्नही नाही, असं आमच्याकडे चाललं होतं.

इसबगोलचंही नंतर समजलं. ते पाणी धरून फुगतं. आतडं चालतं असेल तर ठीक, पण मंदावलेल्या आतड्यात ते अडकलेल्या गाड्यांमागे आणखी गाड्या उभ्या करतं. मॅडमनी सोनामुखीची गोळी आणि मळ मऊ ठेवणारं औषध रोजचंच लिहून दिलं, तक्रार असो वा नसो. मला हे घराघरांत सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे बद्धकोष्ठ म्हटलं की पहिला हात इसबगोलच्या डब्याकडे जातो, आणि शौचाचं बोलायची लाज वाटते ती वेगळीच. तरुण भाऊ बहिणीला हे सांगणार नाही. तुम्हीच विचारा. दोन दिवस नाही झालं तर डॉक्टरांना कळवा. पोट फुगून दुखत असेल किंवा उलटी होत असेल तर घरचं काही करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा आणि क्लोझापिनचं नाव मोठ्याने सांगा.

रुग्णालयातल्या तीन दिवसांत गोळी बंद होती. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त खंड पडला की शरीर ती विसरतं, मग साडेतीनशे एकदम द्यायची नाही. पुन्हा साडेबारापासून. अडकित्ता पुन्हा निघाला. चढायला तीन आठवडे लागले आणि त्यातले दहा दिवस नळ पुन्हा बोलत होता. पिंट्या बाथरूमच्या दाराला कान लावून उभा राहायचा. मी त्याच्या शेजारी उभी राहायचे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

चौथा रकाना तेव्हा आला. वहीचं मधलं पान उलटून मी नव्याने आखलं.

२०१९ मधलं एक सांगते, कारण त्याबद्दलही आम्ही अंधारात होतो. आईच्या शपथेवरून पिंट्याने बिड्या सोडल्या. दिवसाला पंधरा-वीस ओढायचा. त्याऐवजी मित्रासारखी तंबाखू मळू लागला. आम्हाला आनंद झाला होता. दहा दिवसांनी तो सकाळी उठेना, पंचा पहाटे दोनदा बदलावा लागू लागला, चहाचा कप धरताना हाताला एकदम झटका बसून कप पडला. मॅडमनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बिडी सोडली का?" विड्या-सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृताला हे औषध भराभर जाळायला लावतात. धूर थांबला की तेच साडेतीनशे मिलिग्रॅम रक्तात दीडपटीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त चढतं. फेफरं येण्यापर्यंत जाऊ शकतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणून मळलेली तंबाखू त्याची जागा घेत नाही. मात्रा अडीचशेवर आणली. बिडी सोडू नका असं मी म्हणत नाही, सोडाच, पण आधी डॉक्टरांना सांगा. तंबाखू पुढच्या वर्षी सुटली.

हल्ली रक्त महिन्यातून एकदा. अमेरिकेने २०२५ मध्ये या औषधासाठीची सक्तीची नोंदणी काढून टाकली, रक्त तपासण्याचा सल्ला मात्र ठेवला. पिंट्याला मी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपण जाऊच." लॅबवाले दादा आता त्याला आधी चहा विचारतात.

गेल्या वर्षीपासून वही तोच भरतो. त्याचं अक्षर ड्रॉइंगवरच्या मापांसारखं आहे, सुटं आणि उभं. काल सकाळी मी कामावर निघताना पाहिलं, तर मंगळवार आणि बुधवार, दोन्ही दिवसांची चौथी चौकट रिकामी. मी काही बोलायच्या आत तो आतून म्हणाला, "बघितलंय मी. मॅडमना फोन लावलाय, रिंग जातेय."